खोकला घेऊन माणूस आधी कुठे जातो?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं एकाच वेळी दूरदृश्य प्रणालीने उद्घाटन झालं. त्यांतलं एक अंबरनाथचं. दहा ठिकाणी मिळून ९०० जागा वाढल्या, याचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. आता उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरकरांनी पुढचा प्रश्न विचारायला हवा : आपल्या गावात शिकणारी ही मुलं कोणते रुग्ण बघून डॉक्टर होणार आहेत?

या पट्ट्यातला आजारी माणूस आधी मोठ्या रुग्णालयात जात नाही. संध्याकाळी साडेसातनंतर उल्हासनगरच्या कुठल्याही कॅम्पात फिरून बघा. दहा बाय बाराचा गाळा, पायरीवर चपलांचा ढीग, बाकावर दाटीवाटीने बसलेली माणसं. कुणी आनंदनगर एमआयडीसीतली पाळी संपवून आलेला, कुणी जीन्सच्या कारखान्यात शिलाई करणारी, कुणी बदलापूर लोकलमधून उतरून थेट इथेच. सरकारी ओपीडी सकाळची. कॅम्प तीनचं मध्यवर्ती रुग्णालय असो की अंबरनाथचं छाया रुग्णालय, तिथे रांग लावायची म्हणजे रोजंदारी बुडाली. म्हणून नाक्यावरचा दवाखाना. डॉक्टर छाती तपासतात, दोन दिवसांच्या गोळ्या नि खोकल्याचं औषध देतात, ‘फरक नाही पडला तर परवा या’ म्हणतात. दोनतीनदा असं झालं की माणूस डॉक्टर बदलतो. गोळ्या पुडीतून दिलेल्या असल्या तर आधी काय पोटात गेलं, हे नव्या डॉक्टरला कळायला काही मार्गच नसतो.

या दवाखान्यांकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहणाऱ्या मोजक्या संशोधकांत डॉ. मुकुंद उपळेकर यांचं नाव आधी घ्यावं लागतं. मुंबईच्या झोपडपट्टी भागातल्या शंभरेक खासगी डॉक्टरांना त्यांनी विचारलं, क्षयरोगाच्या रुग्णाला तुम्ही कोणती औषधं लिहून द्याल? डोनाल्ड शेपर्ड यांच्यासोबत १९९१ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच रोगावर ८० वेगवेगळे उपचार निघाले. पुढे डॉ. झरीर उदवाडिया, डॉ. पिंटो आणि उपळेकरांनी तसाच प्रश्न मुंबईत पुन्हा विचारला. २०१० साली उत्तर छापून आलं : १०६ डॉक्टर, ६३ प्रकारचे उपचार आणि अचूक चिठ्ठी फक्त सहा जणांची. मधल्या काळात देशाचा सुधारित क्षयरोग कार्यक्रम सुरू होऊन गावोगाव पोहोचला होता. साध्या क्षयाला पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने त्यांतली मोजकी, एवढंच त्या कार्यक्रमाचं उपचारसूत्र.

हे १०६ जण डॉक्टरांसाठीच्या एका प्रशिक्षण कार्यक्रमाला आलेले होते. दवाखाना सोडून शिकायला येण्याची ज्यांची तयारी, त्यांची ही अवस्था. ‘खासगी डॉक्टर लुटारू’ असं म्हणून या आकड्यांची बोळवण करणं मला पटत नाही. पदवी मिळाल्यावर त्यांच्याकडे कुणी फिरकलंच नाही, हे या आकड्यांतून दिसतं. उपळेकरांनीही दोष देऊन विषय संपवला नाही. पुढे जागतिक आरोग्य संघटनेत काम करताना खासगी डॉक्टरांना सरकारी कार्यक्रमाशी जोडून घेण्याचा आग्रह त्यांनी धरला. २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह त्यावर लिहिलं.

दुखण्याचं मूळ शिक्षणात आहे. संशोधक केर व्हाइट आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये एक हिशेब मांडला होता. हजार प्रौढांपैकी महिन्याभरात साडेसातशे जणांना काही ना काही होतं, अडीचशे डॉक्टरकडे जातात, नऊ जण रुग्णालयात दाखल होतात आणि विद्यापीठाच्या रुग्णालयापर्यंत पोहोचतो एक. आकडे अमेरिका-इंग्लंडचे आहेत, पण उतरंड आपल्याकडेही अशीच. विद्यार्थी साडेचार वर्षं त्या एकालाच बघतो आणि नंतर अडीचशेंसमोर जाऊन बसतो. वॉर्डातला क्षयरोगी निदान होऊनच आलेला असतो. दवाखान्यात येतो तो नुसता खोकला. त्यावर सवयीने लिव्होफ्लॉक्सासिनसारखं प्रतिजैविक दिलं तर काही दिवस बरं वाटतं आणि क्षयाचं निदान तेवढंच लांबतं.

हे आपल्याला ठाऊक नव्हतं असं नाही. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच समाजाभिमुख मूलभूत डॉक्टर मागितला होता, वैद्यकीय शिक्षणावरच्या श्रीवास्तव समितीने १९७५ मध्ये तेच सांगितलं. शिवाय आपल्या वस्त्यांतले कितीतरी दवाखाने बीएएमएस, बीएचएमएस म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथीचे डॉक्टर चालवतात. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आणण्याकरता राज्याने २०१४ मध्ये कायदा बदलला, त्यावरचा वाद अजून धुमसतो आहे. वादाचा निकाल काहीही लागो, आज रात्री खोकणारा माणूस त्यांच्याकडेच जाणार आहे.

अंबरनाथचं महाविद्यालय नवं आहे, तिथे रूढी अजून घट्ट झालेल्या नाहीत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने विद्यार्थ्यांना आरोग्याच्या देखरेखीसाठी कुटुंबं दत्तक घ्यायला सांगितलंच आहे. त्याच्या जोडीला दुसऱ्या वर्षापासून आठवड्यातली एक संध्याकाळ नाक्यावरच्या दवाखान्यात ठेवावी. दोन आठवड्यांहून जास्त खोकणारा एक रुग्ण विद्यार्थ्याने निवडावा आणि निदान लागेपर्यंत त्याच्यासोबत राहावं. हे दवाखाने सहसा दुपारी बंद असतात. त्या वेळात महिन्यातून एकदा, उलट बाजूने, या डॉक्टरांना महाविद्यालयात बोलवावं, पदवीची पाटी न बघता. थुंकीचा नमुना कुठे पाठवायचा, अहवाल किती दिवसांत हाती येतो, क्षयरुग्णांच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नोंद कशी करायची आणि औषध मध्येच सोडणाऱ्याच्या घरी कोण जाणार, एवढ्या चार गोष्टींपासून सुरुवात करता येईल.