यवतमाळात ‘बर्फ’ पडतो तेव्हा

फेब्रुवारी-मार्चमधली दुपार असते. आभाळ एकाएकी भरून येतं, वारा सुटतो आणि दहा-पंधरा मिनिटांत वावर पांढरं होऊन जातं. दिवेलागणीच्या आत मोबाइलवर चित्रफिती फिरू लागतात : ‘यवतमाळचं काश्मीर झालं!’ पांढऱ्या सोन्याच्या या जिल्ह्याला पांढऱ्या वावराचं अप्रूप नसावं, पण हा पांढरा वेगळा. घाट्यावर आलेल्या हरभऱ्याचा त्यात चुराडा झालेला असतो, गव्हाच्या ओंब्या चिखलात लोळत असतात, आणि चित्रफीत काढणारा मात्र ‘बर्फवृष्टी, बर्फवृष्टी’ म्हणून ओरडत असतो.

यवतमाळात बर्फवृष्टी होत नाही. होते ती गारपीट. दोन्ही गोठलेलं पाणीच, पण त्यांची जन्मकथा पार वेगळी आहे. हिम तयार होतं ते ढगातल्या वाफेपासून. वाफ थेट स्फटिकरूप घेते, ते स्फटिक एकमेकांना चिकटून भुरभुरत खाली येतात, आणि जमिनीपर्यंतची हवा शून्य अंशाच्या आसपास असेल तरच हिम म्हणून पोचतात. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. पौषातल्या कडाक्यातही इथलं दुपारचं तापमान तिथवर उतरण्याची शक्यता नाही. गारेला मात्र जमीन थंड लागत नाही. उलट, ती तापलेलीच बरी.

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी जानेवारीत दिसणाऱ्या ‘हिमकणां’नीही या गोंधळात भर घातली आहे. बोटींवर आणि गवतावर सकाळी जी पांढरी साय दिसते, ती आभाळातून पडलेली नसते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता सोडून देते आणि दव जागच्या जागी गोठतं. म्हणजे हिम, गार आणि गोठलेलं दव हे तीन वेगळे प्रकार. बातमीत तिघांनाही ‘बर्फ’ म्हटलं की वाचकाची समजूत तिथेच फसते.

‘थंडी परतली म्हणून गारा पडल्या,’ हे वाक्य पारावर हमखास ऐकू येतं. त्यात अर्धं सत्य आहे. थंडी हवी, पण ती वर. थंडी सरताना आणि उन्हाळा तोंडावर असताना उत्तरेकडून जाणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या वादळी प्रणाली, कधीकधी बरेच दक्षिणेला झुकतात आणि मध्य भारतावर वरच्या थरात थंड, कोरडी हवा आणून सोडतात. त्याच वेळी खालून बंगालच्या उपसागराकडची किंवा अरबी समुद्राकडची दमट हवा विदर्भात शिरते, आणि दुपारचं ऊन जमीन तापवतं. खाली गरम व ओलं, वर थंड व कोरडं : ही उतरंड टिकत नाही. गरम हवा उसळून वर जाते आणि काही किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो.

त्या ढगात पाणी शून्याखाली गेलं तरी लगेच गोठत नाही. उणे तीस अंशांपर्यंतसुद्धा थेंब द्रवरूप राहू शकतात. अशा अतिथंड थेंबांच्या गर्दीत एखादा बर्फकण सापडला की थेंब त्याच्यावर आदळून तत्काळ गोठतात आणि गार वाढू लागते. वर चढणारा वारा तिला पेलून धरतो. तिचं वजन त्याला झेपेनासं झालं की ती सुटते. बोराएवढ्या गारेला साधा झोत पुरतो. क्रिकेटच्या चेंडूएवढी गार तोलून धरायची तर ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा झोत लागतो.

पावसाळ्यात इतका पाऊस पडूनही गारा का दिसत नाहीत, याचं उत्तरही यातच आहे. मोसमी पावसाच्या दिवसांत हवा वरपर्यंत उबदार आणि ओली असते. शून्य अंशाची पातळी पाच किलोमीटरच्याही वर सरकते, झोत सहसा मवाळ असतात आणि तयार झालेली बारीक गार वाटेतच वितळून टपोरा थेंब बनते.

जुन्या पाठ्यपुस्तकांनी शिकवलेली एक गोष्टही इथे मोडीत काढायला हवी. गार कापली की कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. जितके पापुद्रे तितक्या वेळा ती ढगात खाली-वर झाली, असं सांगितलं जायचं. प्रत्यक्षात एकाच फेरीतही असे थर बसू शकतात. पाणी भरपूर मिळालं तर ते सावकाश गोठून काचेसारखा थर होतो. कमी मिळालं तर झटक्यात गोठून, हवा अडकून, दुधाळ थर होतो.

गारांच्या पांढऱ्या थराला ‘कापसासारखा’ म्हणण्याचीही एक सवय आहे, आणि ती महागात पडते. ताज्या हिमाचा दहा सेंटिमीटरचा थर एका चौरस मीटरवर साधारण दहा किलो भरतो. तेवढ्याच जाडीच्या गारा, मधल्या फटी धरूनही, पन्नास किलोंच्या घरात जातात. शेडनेट फाटते, टिनाचं जुनं छप्पर वाकतं ते यामुळे. कवेलूंचं तर विचारूच नका. ते थराच्या वजनाआधी माऱ्यानेच फुटतात. आणि गारांनी माणूस मरत नाही, असं कोणाला वाटत असेल तर उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादचं ३० एप्रिल १८८८ चं उदाहरण आहे. त्या एका गारपिटीत २४६ माणसं दगावली. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत गारपिटीच्या बळींचा तोच उच्चांक आहे. वावरात असताना डोक्यावर घमेलं उपडं धरणारी बाई म्हणूनच शहाणी. झाडाखाली धावणारा मात्र विजेला आमंत्रण देतो.

महाराष्ट्राच्या अलीकडच्या आठवणीतली सर्वांत मोठी गारपीट २०१४ ची. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत ती थांबून थांबून कोसळत राहिली. तेव्हाच्या ३५ जिल्ह्यांपैकी २८ जिल्ह्यांना तिचा तडाखा बसला आणि त्यात यवतमाळही होतं.  फेब्रुवारी २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात पुन्हा तोच प्रकार. तेव्हा ‘असं आधी कधी झालंच नव्हतं’ हे वाक्यही गैरसमजांच्याच यादीत टाकायला हवं.

कारण गारपीट या मुलखाला इतकी ओळखीची होती की तिला अडवण्यासाठी गावगाड्यात एक वेगळा माणूसच नेमलेला असे : गारपगारी. मूळची नाथपंथी जोग्यांशी नातं सांगणारी ही जमात नागपूर-वऱ्हाडात राहत होती. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात तिचं वर्णन सापडतं. आभाळाचा रंग पाहून गारपगारी गारा ओळखे, तलवार घेऊन मारुतीपुढे उभा राही, आधी विनवणी करी आणि देव ऐकेना तर जीव देण्याची धमकीही देई. पिकं वाचली तर शेतकऱ्यांकडून त्याला वाटा मिळे. मात्र लोकांचा विश्वास उडू लागल्याने त्याची कमाई घटत चालल्याचंही त्याच ग्रंथात नमूद आहे. आज महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत गारपगारी हे नाव आहे; नावातली ‘गार’ उरली, धंदा गेला.

त्याला हसण्याआधी युरोपकडे पाहावं. १८९६ मध्ये ऑस्ट्रियातल्या आल्बर्ट श्टीगर या द्राक्षबागायतदाराने ढगांवर तोफ डागून गारा रोखण्याचा दावा केला, आणि काही वर्षांत ऑस्ट्रिया-इटलीत हजारो तोफा उभ्या राहिल्या. पुढे सरकारी चाचण्यांत त्यांचा फोलपणा उघड झाला. तरीही स्फोटाच्या आवाजाने ‘गार फोडणारी’ यंत्रं आजही विकली जातात, हिमाचलातल्या सफरचंदांच्या बागांपर्यंत पोचतात. त्यांना शास्त्रीय आधार नाही, असं जागतिक हवामान संघटनेने स्पष्ट म्हटलेलं आहे. ढगाचा गडगडाट स्वतःच इतका प्रचंड असतो. त्याने गारा फुटत नाहीत, तर तोफेने कशा फुटाव्यात? गारपगारी निदान स्वस्त होता.

‘माझंच वावर कसं झोडपलं, धुऱ्यापलीकडचं कसं वाचलं?’ यात नशिबाचा भाग कमी आणि ढगाचा जास्त असतो. पुढे सरकणाऱ्या ढगातून गारा एका अरुंद पट्ट्यात सांडतात. पट्ट्याच्या आत सारं भुईसपाट, बाहेर नुसत्या सरी. महसूल मंडळातलं हवामान केंद्र पट्ट्याबाहेर असेल तर त्याला काही घडल्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून गारपिटीत वावरागणिक पंचनामा लागतो.

पैशाच्या बाबतीत दोन गोष्टी सर्रास एकत्र कालवल्या जातात : विमा आणि सरकारी मदत. विमा हा हप्ता भरून केलेला करार, त्याच्या अटी हंगामागणिक बदलू शकतात. सरकारी मदतीचं खातं वेगळं. गारपीट हे नाव केंद्राने ठरवलेल्या आपत्तींच्या यादीतच आहे. नुसत्या अवकाळी पावसाला त्या यादीत जागा नाही, त्यासाठी राज्याचा निर्णय लागतो. म्हणजे कागदावर ‘गारपीट’ लिहिलं की ‘अवकाळी पाऊस’, याने फरक पडतो. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक हवं. २०१५ पर्यंत ही अट ५० टक्क्यांची होती. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत हेक्टरी मदत कोरडवाहूला ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, तीही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. राज्य यात कधीमधी स्वतःची भर घालतं.

‘गारांनी मारलं, आता नांगर घाला’ हाही घाईचा निर्णय ठरू शकतो. २०१४ नंतर बारामतीजवळच्या माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने गारपिटीनंतरच्या व्यवस्थापनावर पुस्तिकाच काढली. आधी साचलेलं पाणी काढायचं, मग नुकसान पाहायचं. घाटे भरलेला हरभरा पुन्हा उभा राहत नाही, पण वाढीच्या अवस्थेतलं पीक नवी फूट धरू शकतं. संत्र्याच्या बागेत मोडलेल्या फांद्या स्वच्छ कापून जखमांवर बोर्डो पेस्ट लावायची, कारण बुरशी तिथूनच शिरते. गळालेली फळं बागेबाहेर न्यायची.

आणि सोंगणी झाली असेल तर? हवामान खात्याचं डॉप्लर रडार नागपुरात आहे, दीडशेएक किलोमीटरवर. त्याच्या आधारे पुढच्या तीनेक तासांचा इशारा निघतो. तो कोणत्या वावरात गारा पडतील हे सांगू शकत नाही. पण हरभऱ्याची गंजी लावून तिच्यावर ताडपत्री ओढायला, बैलं गोठ्यात बांधायला तीन तास पुरतात.