मोटारसायकलचा क्लच : दोषांची पारख आणि दुरुस्ती

ठाण्याच्या खाडीच्या पश्चिम काठावरील ट्रॉम्बे हे देशाच्या औद्योगिक व वैज्ञानिक वाटचालीतील एक महत्त्वाचे ठाणे आहे. १९५४ साली येथे अणुऊर्जा संस्था स्थापन झाली. ‘अप्सरा’ ही देशातील पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी येथेच कार्यान्वित झाली आणि १९६७ मध्ये संस्थेला डॉ. होमी भाभा यांचे नाव देण्यात आले. शेजारी माहूलचे तेलशुद्धीकरण कारखाने, चेंबूरचा खत कारखाना आणि औष्णिक वीज केंद्र आहे. या परिसरात कामाच्या पाळ्या अहोरात्र चालतात. पाळी गाठण्यासाठी अनेक कामगारांची भिस्त मोटारसायकलवर असते. घरोघरी सामान पोहोचविणाऱ्या तरुणांची तर रोजची कमाईच तिच्यावर अवलंबून असते.

शीव-ट्रॉम्बे मार्गावरील वाहनांच्या गर्दीत दर थोड्या अंतरावर थांबावे लागते. प्रत्येक थांब्याला क्लच दाबला जातो आणि सोडला जातो. त्यामुळे क्लचची झीज लवकर होते. तथापि, क्लच बिघडल्याची प्रत्येक तक्रार नव्या प्लेटा बसवूनच दूर होते असे नाही. दोषाचे मूळ ओळखल्यास कित्येकदा केवळ तार जुळवून काम भागते.

क्लचचे कार्य

इंजिनाची शक्ती गिअरपेटीकडे पोहोचविणे आणि गरजेनुसार ती तोडणे हे क्लचचे काम होय. बहुतेक मोटारसायकलींत घर्षण-अस्तर असलेल्या आणि साध्या पोलादी अशा प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात. स्प्रिंगांच्या दाबाने त्या एकमेकींना घट्ट चिकटून फिरतात. हँडलवरील लिव्हर ओढताच तारेमार्फत हा दाब दूर होतो, प्लेटा सुट्या होतात आणि चाकाकडे जाणारी शक्ती थांबते. या प्लेटा तेलात बुडालेल्या असतात आणि आजच्या बहुतेक गाड्यांत हे तेल इंजिनाचेच असते. म्हणूनच तेलाची निवड क्लचच्या दृष्टीनेही महत्त्वाची ठरते.

दोन प्रमुख दोष

पहिला दोष क्लच घसरण्याचा. ॲक्सिलरेटर वाढविला की इंजिनाचा आवाज चढतो, परंतु गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. चढावर अथवा मागे माणूस बसला असता हे विशेष जाणवते. जळका वास येतो आणि पेट्रोलचा खर्चही वाढतो. खात्री करून घेण्यासाठी मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने चालवून ॲक्सिलरेटर झटकन वाढवावा. इंजिन एकदम भरधाव झाले आणि गाडी मागे राहिली, तर क्लच घसरतो असे समजावे.

दुसरा दोष क्लच पुरता न सुटण्याचा. लिव्हर पूर्ण ओढूनही गाडी पुढे सरकू पाहते, गिअर टाकताना मोठा आवाज होतो आणि सिग्नलपाशी न्यूट्रल सापडत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या प्लेटा तेलामुळे चिकटतात, त्यामुळे सकाळी पहिल्या गिअरला थोडा झटका बसणे हा मात्र दोष नव्हे.

तपासणीचा क्रम

तपासणी बाहेरून आत आणि कमी खर्चाकडून अधिक खर्चाकडे करावी. प्रथम लिव्हरच्या टोकाशी असलेली मोकळीक पाहावी. सर्वसाधारणपणे ती १० ते २० मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. मोकळीक मुळीच नसेल तर क्लच सदैव किंचित दाबलेला राहून घसरतो. ती फार असेल तर तो पुरता सुटत नाही. लिव्हरजवळील आणि इंजिनाकडील जुळणी-स्क्रूंनी हे अंतर साधता येते.

त्यानंतर तार पाहावी. खाडीकाठची दमट, खारी हवा आणि पावसाळा यांमुळे तारेला गंज चढतो. तिचे पदर तुटू लागले असतील अथवा ती अडकत असेल, तर ती बदलणेच श्रेयस्कर.

तिसरी पायरी तेलाची. मोटारगाड्यांसाठीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. त्यामुळे तेलातील क्लच घसरू लागतो. डब्यावर ‘जासो एमए’ वा ‘एमए २’ ही खूण आणि पुस्तिकेत सांगितलेला दाटपणा पाहूनच तेल घ्यावे.

क्लच उघडताना

एवढ्याने दोष न गेल्यासच क्लच उघडावा. इंजिन थंड झाल्यावर तेल काढून बाजूचे झाकण उघडावे. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करावेत, म्हणजे दाबपट्टी तिरकी होत नाही. प्लेटांचा क्रम लिहून ठेवावा. घर्षण-प्लेटांची जाडी व्हर्नियरने आणि स्प्रिंगांची लांबी मोजून पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावी. पोलादी प्लेटा सपाट काचेवर ठेवून वाकल्या आहेत का ते पाहावे. निळसर झालेल्या प्लेटा अतिउष्णतेची साक्ष देतात. प्लेटा ज्या खाचांत सरकतात त्यांच्या कडांना खड्डे पडले असतील, तर नव्या प्लेटाही अडकतात.

नव्या घर्षण-प्लेटा बसविण्यापूर्वी इंजिन तेलात भिजवून ठेवाव्यात. कोरड्या प्लेटा पहिल्याच फेरीत जळू शकतात. नवे गॅस्केट लावून बोल्ट पूर्वीच्याच पद्धतीने आवळावेत, तेल भरावे आणि मोकळीक पुन्हा जुळवावी. जुन्या क्लच-अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने त्यांची धूळ फुंकून उडवू नये.

सवयींचे महत्त्व

चालविताना बोटे सतत लिव्हरवर ठेवणे, चढावर ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणे, या सवयी चांगल्या क्लचचेही आयुष्य घटवितात. सिग्नलला न्यूट्रल करावे, हा साधा नियम पाळल्यास मोठा लाभ होतो.

गर्दीच्या रस्त्यावर अवजड टँकरच्या पुढे असताना क्लच सुटला नाही, तर प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही. तो जीविताचा होतो. मोकळीक पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. आठवड्यातून एकदा ती देणारा वाहनधारक आपला पैसा, आपला रोजगार आणि आपली सुरक्षितता या तिन्हींची राखण करतो.