स्टिअरिंग बोली राहिनं

रथाला स्टिअरिंग नसतं. जळगावला कार्तिकी एकादशीला रामाचा रथ निघतो, १८७२पासून निघतो. आमच्या पारोळ्यात बालाजीचा निघतो. एवढं लाकडी धूड बाजारपेठेतून वळतं आणि थांबतं ते मोगऱ्यांवर. मोगरी म्हणजे चाकाखाली द्यायची लाकडाची पाचर. कोणत्या चाकाला, किती आणि नेमकी कधी मोगरी द्यायची, हे चाकाशेजारी वाकून चालणाऱ्या माणसाला कळतं, कारण लाकूड त्याच्या हाताला सांगत असतं. वर बसलेल्याला त्यातलं काही कळत नाही.

मोगरीवाले मला गेल्या वर्षभरात वारंवार आठवले, ते आमच्या वरच्या खोलीतल्या एका यंत्रामुळे. पुतण्या धुळ्याला डिप्लोमा करतो. त्याला कॉम्प्युटरवर गाड्या चालवायचा नाद. आधी मोबाइलवर इंडोनेशियातला बसचा गेम, त्यात आपली लालपरी रंगवून घेतलेली. महाराष्ट्रातल्या हजारो पोरांनी हेच केलंय. मग ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ आला. प्राग शहरातल्या कंपनीने २०१२ साली काढलेला हा गेम, त्यात ट्रकने माल पोचवायचा, बस्स. आणि मग घरात शब्द घुमायला लागला : फोर्स फीडबॅक.

पहिलं स्टिअरिंग आणलं तेव्हा फसगत झाली. विकणाऱ्याने खोक्यावरचं चित्र दाखवलं, ‘फीडबॅक आहे’ म्हणाला. घरी आणून लावलं तर ते नुसतं थरथरायचं, सायलेंटवर ठेवलेल्या मोबाइलसारखं. वळवून सोडलं की आतल्या रबराच्या ताणाने मध्यावर यायचं. गाडी उभी असो की शंभरने पळत असो, ताण तेवढाच. परत घ्यायला तो तयार नव्हता. घेणाऱ्याने पहिली गोष्ट ही समजून घ्यावी : थरथर म्हणजे व्हायब्रेशन, आणि फोर्स फीडबॅक म्हणजे मोटरने तुमच्या हाताविरुद्ध किंवा हाताबरोबर लावलेला जोर. विकणारे दोन्हींना एकाच नावाने हाक मारतात.

दुसरं आलं ते खरं होतं. त्या दिवशी आमचे नाना घरी आलेले. नाना एसटीतून रिटायर झालेत. उभी हयात पारोळा, धुळे, नाशिक या रस्त्यावर गेली, आणि तीही बहुतेक पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाड्यांवर, ज्यांना स्टँडमध्ये वळवताना ड्रायव्हर सीटवरून अर्धा उठायचा.

“हाई काय शे भो?” नानांनी विचारलं. पुतण्याने बसवलं. पहिली दोन मिनिटं नाना हसत होते, पोराचं खेळणं म्हणून. मग जर्मनीतल्या कुठल्याशा रस्त्यावर ट्रकचं डावं चाक डांबराखाली उतरलं आणि स्टिअरिंगने हाताला हिसका दिला. नानांनी न बघता, सवयीने, दोन्ही हात घट्ट केले. हसणं थांबलं. थोड्या वेळाने एवढंच म्हणाले, “हाई स्टिअरिंग बोली राहिनं.” म्हणजे, हे स्टिअरिंग बोलतंय.

या यंत्राचं याहून नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही.

ते बोलतं कसं, हे सायकलीवर कळतं. सायकल सीटला धरून पुढे ढकलत न्या. हँडल आपोआप सरळ राहतं. पुढच्या चाकाचा जमिनीला टेकणारा भाग वळणाच्या अक्षाच्या थोडा मागे असतो, म्हणून चाक ओढलं जात सरळ होतं. मोटारीतही तेच. शिवाय वळताना टायर जमिनीवर किंचित मुरडतो, आणि रबराचा जोर टेकलेल्या भागाच्या मध्याच्या मागे पडतो. तोही चाक सरळ करू पाहतो. वळण कसून घ्यावं तसं स्टिअरिंग जड होत जातं ते यामुळे. मग एक गंमत होते. टायरची पकड संपायच्या जरा आधीच रबराचा मागचा भाग घसरू लागतो आणि तो सरळ करणारा जोर कमी होतो. म्हणजे गाडी घसरण्याआधी स्टिअरिंग हलकं पडतं. पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टर घातलेल्या कोणालाही विचारा. पुढची चाकं तरंगायला लागली की हाताला आधी कळतं, डोळ्यांना नंतर.

गेममध्ये टायर नाही, माती नाही, सगळं गणित. इटलीतल्या कुनोस कंपनीच्या ‘असेटो कोर्सा’मध्ये हे गणित सेकंदाला ३३३ वेळा मांडलं जातं : टायरवर भार किती, मुरड किती, घसरण किती, आणि त्या सगळ्यामुळे स्टिअरिंगवर जोर किती पडेल. तो आकडा तारेतून येतो, मोटर तेवढा पीळ देते. तुम्ही किती वळवलंत हे सेन्सर उलट कळवतो. बैलांच्या कासऱ्यासारखा दोन्हीकडून ताण. नुसतं वळवायचं असतं तर वीस रुपयांचं बटणही चाललं असतं.

कल्पना जुनी आहे. अटारीने १९८९ साली ‘हार्ड ड्रायव्हिन’ नावाचं नाणं टाकून खेळायचं यंत्र काढलं होतं. त्यात गाडी सुरू करायला किल्ली, पायाशी क्लच, हाताशी गिअर आणि हाताला विरोध करणारं स्टिअरिंग. घरगुती कॉम्प्युटरसाठी मायक्रोसॉफ्टने १९९८ साली असं चाक आणलं. पण घराघरांत गेलं ते लॉजिटेकचं. २००६चं जी-२५, २०१०चं जी-२७ आणि २०१५चं जी-२९ या एकाच घराण्यातल्या तीन पिढ्या आहेत. जी-२९मध्ये दोन छोट्या मोटरी दात्यांच्या चाकांमधून स्टिअरिंगच्या दांड्याला फिरवतात. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे फिरतं, ट्रकसाठी पुरेसं. रचना दणकट आहे. पण दाते एकमेकांवर आदळतात. दगडी रस्ता आला की खडखडाट होतो, आणि रात्री साडेअकराला खालून वहिनींची हाक येते.

दाते नकोत म्हणून पट्टा आला. थ्रस्टमास्टरच्या २०१४च्या टी-३००मध्ये मोटर आणि दांडा यांच्यामध्ये पट्टा आहे. चाल मऊ, आवाज कमी, जोर जी-२९च्या जवळजवळ दुप्पट. पण पट्टाही थोडं गिळतो, आणि मोटर तापली की जोर उतरतो. मे महिन्यात पारोळ्यात दुपारी पारा चव्वेचाळीसच्या आसपास असतो आणि पत्र्याखालच्या खोलीत तर विचारूच नका. पंखा कुठे वळवायचा, माणसाकडे की मोटरकडे, हा प्रश्न विनोद म्हणून विचारलेला नाही.

तिसरा प्रकार डायरेक्ट ड्राइव्ह. मधलं सगळं काढून टाकायचं आणि चाक सरळ मोटरच्या दांड्यावर बसवायचं. आधी हा हौशी लोकांचा उद्योग होता. सीएनसी लेथवर असते तसली कारखान्यातली सर्वो मोटर विकत घ्यायची, तिला ड्राइव्ह जोडायचा आणि वर स्टिअरिंग ठोकायचं. जळगावच्या एमआयडीसीत काम केलेल्याला ती मोटर ओळखू येईल. मग जर्मनीच्या फॅनाटेकने २०२१ साली ‘सीएसएल डीडी’ काढून ती साध्या खिशाच्या जवळ आणली, आणि शेनझेनच्या मोझाने आर-५, आर-३ काढून आणखी जवळ. जवळ म्हणजे काय, तर साधारण गिअरवाल्याच्या दुप्पट किंमत. आपल्याकडे ते खिशाच्या जवळ नसून खिशाच्या आतच हात घालणं झालं.

खोक्यावर न्यूटन-मीटर छापलेले असतात. त्या आकड्याने भुलू नका, पण तो वाचायला शिका. दांड्यापासून दहा सेंटिमीटरवर एक किलोचं वजन टांगलं की जवळजवळ एक न्यूटन-मीटर पीळ पडतो. जी-२९चा जोर दोनच्या थोडा वर. हात चाकाच्या कडेला, म्हणजे चौदा सेंटिमीटरवर असतो, तेव्हा हाताला दीड किलोच्या आसपास ओढ लागते : एक भरलेली दुधाची किटली. सीएसएल डीडी नेहमीच्या वीजपुरवठ्यावर ५ आणि मोठा अडॅप्टर घेतला तर ८ न्यूटन-मीटर देतं. कडेला साडेतीन ते जवळजवळ सहा किलो. फिनलंडचं सिम्युक्यूब २ प्रो २५ न्यूटन-मीटरचं. त्याच्याशी भांडण झालं तर मनगट तुमचं मुरगळणार, त्याचं नाही.

जोर जास्त हवा तो हात दुखावे म्हणून नव्हे. लग्नातल्या डीजेचा स्पीकर पूर्ण वाढवला की आवाज फाटतो. ढोल आणि सनई एकच होऊन जातात. लहान मोटरचंही तसंच. गेमने दहाचा जोर मागितला आणि मोटर दोनच देऊ शकली, तर जड वळण आणि अतिजड वळण हाताला सारखंच लागतं. तो फाटणारा भाग टाळायला सेटिंगमध्ये जोर कमी करावा, तर बारीक गोष्टी दात्यांच्या घर्षणात विरून जातात. मोठी मोटर घेऊन ती अर्ध्यावर चालवावी, यातलं शहाणपण हे आहे. पुतण्याने जोर साठ टक्क्यांवर आणला आणि स्टिअरिंग आधीपेक्षा जास्त बोलायला लागलं. नवीन घेणारा नेमका उलट वागतो : सगळं शंभरवर नेतो आणि मग म्हणतो, काही कळत नाही.

मला विचाराल तर पैसे आधी पायाशी घाला. स्वस्त पेडलमध्ये ब्रेक किती अंतर दाबला हे मोजतात. खऱ्या गाडीत पाय अंतर लक्षात ठेवत नाही, जोर लक्षात ठेवतो. त्यासाठी लोड सेल हवा, म्हणजे किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असतो तोच भाग. शर्यतीत वेळ वाचतो तो ब्रेकवर. स्टिअरिंगवर वाचला असं वाटतं, एवढंच.

आणि हे सगळं बसवायचं कशावर? आमच्याकडे पहिल्यांदा ते अभ्यासाच्या टेबलाला शिकंज्याने आवळलं होतं. पहिल्याच वळणावर टेबल नाचलं आणि पाण्याचा तांब्या कीबोर्डवर. मग हायवेलगतच्या एका वेल्डिंगच्या दुकानात दीड इंची चौकोनी पाइपाचा सांगाडा करून घेतला. ट्रॉल्या जोडणाऱ्या मिस्तरीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “याला ओझं किती?” ओझं नाही, पीळ आहे म्हटल्यावर त्याने न सांगता दोन तिरके टेकू जास्तीचे मारले. बाजारातल्या तयार स्टँडच्या निम्म्याहून कमी पैशांत काम झालं आणि ते तसूभर हलत नाही.

हलायची ती खुर्ची. चाकांची ऑफिसखुर्ची; ब्रेक जोरात दाबला की माणूस मागे भिंतीला. महागडी फिक्स सीट घ्यायची की काय, अशी चर्चा चालू असताना नानांनी खालून पलंगाच्या पायाखालच्या दोन लाकडी पाचरी आणल्या आणि खुर्चीच्या मागच्या चाकांना लावल्या. मोगऱ्याच त्या. आजही तिथेच आहेत.

आणखी दोन गोष्टी घाईत. कन्सोल कोणता ते आधी पाहा. जी-२९ प्लेस्टेशन आणि कॉम्प्युटरला चालतं, एक्सबॉक्सला नाही, त्याला जी-९२० लागतं. दिसायला जुळी आहेत, म्हणून चूक होते. दुसरं, अर्थिंग. ताकदीची मोटर असलेलं स्टिअरिंग खेळताखेळता कॉम्प्युटरपासून मध्येच तुटत असेल तर यंत्राला शिव्या देण्याआधी वायरमनला बोलवा. दोन पिनांच्या जुन्या बोर्डावर अशी यंत्रं रुसतात. आमच्याकडे तीन महिने कंपनीला मेल लिहून झाल्यावर हे कळलं.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, बाहेर हायवे पडलाय की. हजिरा-कोलकाता रस्ता आमच्या गावावरून जातो, त्यावर काय काय होतं ते रोजच्या पेपरात येतं. चूक करून शिकायची ती जागा नव्हे. आणि गाड्यांच्या शर्यतीचा नीट ट्रॅक पाहायचा तर ग्रेटर नोएडा, चेन्नई असं कुठेतरी लांब जावं लागतं. पुतण्या वरच्या खोलीत दिवसाला वीसदा घसरतो आणि जेवायला खाली येतो.

आमचा हिशेब असा : पहिल्यांदाच घेत असाल, ट्रक-बस चालवायच्या असतील, तर गिअरवालं जुनं, चांगल्या स्थितीतलं जी-२९ घ्या, पुन्हा विकलं तरी फार नुकसान होत नाही. घेण्याआधी वीज लावून दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा, पेडल हळूहळू दाबून स्क्रीनवरची रेघ उडते का पाहा. शर्यतीचा नाद पक्का असेल तर मधल्या पट्ट्याच्या पायरीवर थांबू नका. वर्षभर पैसे साठवून पाच ते आठ न्यूटन-मीटरचं डायरेक्ट ड्राइव्ह घ्या. त्याच्या वरचं आपल्याला नको.

आणि न बघता कोणतंच घेऊ नका. पारोळ्यात आलात तर आमच्याकडे तासभर बसून पाहा. फक्त संध्याकाळी सहा ते आठ सोडून या. त्या वेळात नाना रॉटरडॅमहून माल घेऊन निघालेले असतात.