तालमीत मोजणारा कोण?

'तालीम' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र पैलवान जिथे मेहनत करतात, त्या जागेलाही तालीम म्हणतात. तिथे शिकवणारा वस्ताद, म्हणजे तुमचा उस्तादच! कुस्ती, पैलवान, खुराक हे शब्दही तुम्हांला परके नाहीत. तेव्हा बिचकू नका, आत चला.

कोल्हापूरच्या एखाद्या तालमीत पहाटे जाऊन पाहा. आधी आखाड्यातली तांबडी माती उकरतात. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस मिसळलेला असतो. माती उकरतानाच अंगाला घाम सुटतो. मग जोर आणि बैठका सुरू होतात. वस्ताद कडेला उभे असतात. पण तीस-चाळीस मुलांत तुम्ही शंभर बैठका मारल्या की ऐंशीवर थांबलात, हे त्यांना दिसेलच असे नाही. ते फक्त तुम्हांलाच ठाऊक असते.

डावाचेही तसेच आहे. धोबी कपडा दगडावर आपटतो, तसे प्रतिस्पर्ध्याला पाठीवरून घेऊन आपटणे म्हणजे धोबीपछाड. वस्ताद हा डाव दोनदा-तीनदा करून दाखवतील. तो अंगात मुरायला मात्र शेकडो वेळा करावा लागतो. आपली पकड कुठे सुटते, पाय कुठे उशिरा पडतो, हे ध्यानात ठेवून तुम्हीच त्यांना विचारले पाहिजे.

मी लहानपणी दोन वर्षे तालमीत जात होतो. सरावाला रोज माझ्यापेक्षा हलका मुलगा निवडायचो आणि रोज जिंकायचो. एकदा जत्रेच्या मैदानात माझ्याच वजनाच्या मुलाने माझा पट काढला, म्हणजे पाय धरून मला खाली पाडले, आणि दोन मिनिटांत चीत केले. घरी येऊन मी म्हणालो, "वस्तादांनी मला हे शिकवलेच नाही."

आजोबांनी विचारले, "पट निघाल्यावर सुटायचे कसे, हे तू त्यांना कधी विचारलेस?"

मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी तालमीतल्या सर्वांत दणकट मुलाला म्हणालो, "आज माझ्याशी लढ." त्याने मला पाच वेळा पाडले. सहाव्या वेळी मी थोडा वेळ टिकलो. त्या दिवशी मी जेवढे शिकलो, तेवढे आधीच्या वर्षभरात शिकलो नव्हतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. खांदा किंवा गुडघा दुखत असेल, तर ते लपवू नका. दुखणे लपवण्यात कसली बहादुरी? वस्तादांना लगेच सांगा, कारण तुमच्या शरीराची खबर तुमच्याशिवाय त्यांना कोण देणार?

कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरले. ते मातीत वाढलेले पैलवान होते. मातीत पाठ टेकली की कुस्ती संपते. मॅटवर गुण मोजतात, नियमही निराळे असतात. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. मॅट नवी होती, ही सबब त्यांना सांगता आली असती. पण मायदेशी परतून त्यांनी मेहनत आणखी वाढवली आणि चार वर्षे ती चालू ठेवली.

१९५२ साली हेलसिंकीला जायला त्यांच्याजवळ पुरेसे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून त्यांना सात हजार रुपये दिले. खाशाबांनी तिथे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने मिळवलेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. गावी बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली. मिरवणूक संपली, आणि खाशाबा पुन्हा लंगोट कसून उभे राहिले. त्यांनी कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवून दिले.