पिवळ्या ज्योतीची शेगडी

सुरतच्या उधना, लिंबायत भागांत खान्देशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत ज्या घरात होतं, तिथल्या गॅसच्या शेगडीचे हाल वेगळे सांगायला नकोत. भाजत्या वांग्याचा रस बर्नरवर ठिबकतो, भोकं बुजतात, ज्योत पिवळी पडते आणि भांड्यांची बुडं काळी होतात. पण म्हणून ती लगेच भंगारात द्यायचं कारण नाही.

आधी गॅस मुख्य कॉकपासून बंद करायचा. गार झालेला पितळी बर्नर चिंचेच्या कोळात भिजवून घासला, की भोकं टाचणीनं मोकळी होतात. मग तो पुरता वाळायला हवा. गंजलेल्या लोखंडी स्टँडला पॉलिश पेपर पुरतो.

खरी मेख जेटमध्ये, म्हणजे बर्नरला वायू सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीत आहे. सुरतेत अनेक घरांत पाइपमधून नैसर्गिक वायू येतो. तो मुख्यतः मिथेन. तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीच्या निम्म्याहून कमी उष्णता देणारा. म्हणून त्याच्या जेटचं भोक मोठं असतं. गावाकडून आणलेली सिलिंडरवरची शेगडी तशीच पाइपला जोडली तर ज्योत मलूल. उलट केलं तर भडका आणि काजळी. त्यामुळे जेटमध्ये टाचणी खुपसू नये, आणि तो बदलणं गॅस कंपनीच्या माणसाचंच काम.

भेगाळलेली रबरी नळी बदलावीच. शेवटी सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून तपासणारे महाभाग अजूनही भेटतात! गळालेला एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. नैसर्गिक वायू हलका, वर जातो. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक देशभर चालतो.