विधान परिषदेचे अधिकार आणि मर्यादा : महाराष्ट्राच्या संदर्भात

प्रस्तावना :
कर्वेनगरमधील महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या प्राध्यापकास विधानसभेखेरीज विधान परिषदेच्या पुणे विभाग शिक्षक व पदवीधर या दोन मतदारसंघांतही, विहित पात्रता व नावनोंदणी असल्यास, मताधिकार मिळतो. या मतांतून निवडून येणाऱ्या सदस्यांच्या सभागृहास कायदेनिर्मितीत कितपत स्थान आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रचना :
विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत. त्यांपैकी ३० विधानसभा सदस्यांकडून, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांकडून, तर पदवीधर व शिक्षक मतदारसंघांतून प्रत्येकी ७ निवडले जातात. १२ सदस्य राज्यपालनियुक्त असतात. हे सभागृह स्थायी असून ते विसर्जित होत नाही.

अधिकार व मर्यादा :
मंत्रिमंडळ केवळ विधानसभेस जबाबदार असते. त्यामुळे परिषद सरकार पाडू शकत नाही. धन विधेयक तिला चौदा दिवसांत शिफारशींसह वा शिफारशींविना परत करावे लागते. अनुदानाच्या मागण्यांवर मतदान विधानसभेतच होते. विधानसभेने संमत केलेले सर्वसाधारण विधेयक परिषदेने फेटाळले, त्यात विधानसभेस अमान्य सुधारणा केल्या किंवा ते तीन महिन्यांहून अधिक काळ रोखले, तर अनुच्छेद १९७ नुसार विधानसभा ते पुन्हा संमत करू शकते. त्यानंतर परिषदेस एक महिनाच मिळतो. संसदेप्रमाणे संयुक्त बैठकीची तरतूद राज्यात नाही. तात्पर्य, परिषदेचा अधिकार नकाराचा नसून विलंबाचा आहे.

तथापि विलंब निरर्थक नसतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ विधेयक २०१६ मध्ये दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, त्याच वर्षाच्या अखेरीस संमत झाले आणि १ मार्च २०१७ पासून कायदा अमलात आला. प्राध्यापकांच्या सेवेशी व विद्यापीठीय अधिकार मंडळांशी थेट संबंध असलेल्या या कायद्याच्या छाननीस त्यामुळे अवधी मिळाला. परिषदेचा प्रभाव मताधिक्यापलीकडेही असू शकतो. प्रदीर्घ काळ सभापती राहिलेल्या वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमी योजना साकारली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

रिक्त जागांचा प्रश्न :
विलंबाच्या अधिकाराला वजन येते ते सदस्यांच्या उपस्थितीमुळे. जून २०२० मध्ये राज्यपालनियुक्त १२ जागा रिक्त झाल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने नावांची शिफारस केली. परंतु निर्णय झाला नाही. वाजवी मुदतीत निर्णय घेणे हे राज्यपालांचे घटनात्मक कर्तव्य असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये नमूद केले. २०२२ मधील सत्तांतरानंतर ती यादी मागे घेण्यात आली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सात नियुक्त्या झाल्या. पुणे महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली व निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. नगरसेवकच नसल्यास स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघाचा मतदारवर्गही उरत नाही.

समारोप :
परिषदेस दुबळी ठरविताना अनुच्छेद १९७ कडे बोट दाखविले जाते. प्रत्यक्षात संविधानाने दिलेला मर्यादित अधिकारही रिकाम्या बाकांमुळे क्षीण होतो. पदवीधर व शिक्षक मतदारसंघांची मतदारयादी प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने तयार होते. जुनी नोंदणी चालत नाही. म्हणून नावनोंदणीविषयीची अध्यापकांची उदासीनताही या सभागृहाच्या मर्यादांत गणली पाहिजे.