हंगामाबाहेरची सहल : मुक्काम कर्जतला की खोपोलीला?

व्यापारी कुटुंबातील सहल बहुधा घाईत ठरते. दुकानाला दोन-तीन दिवसांची सवड मिळते, मुले एखादे छायाचित्र पाहून ठिकाण सुचवितात, तरुण मंडळी गाडी आणि निवास ठरवून मोकळी होतात. निघण्याच्या आदल्या रात्री मात्र आजी हळूच म्हणतात, "तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी." हे त्या रागाने म्हणत नाहीत. जेथे रात्री नऊ वाजता पान वाढले जाते, जेथे उकळलेले पाणी मागितले तर स्वयंपाकी चकित होतो, तेथे आपला नेम सर्वांना अडचणीचा होईल, ही त्यांची भीती असते. सहल होते, परंतु ज्यांच्या सोबतीसाठी ती करावयाची, त्याच मागे राहतात.

या अडचणीचे मूळ मुक्कामाच्या निवडीत असते. काय पाहावयाचे हे आपण आधी ठरवितो आणि राहावयाचे कोठे हे शेवटी. हा क्रम उलटा केला तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. मुंबई, ठाणे, पनवेल, पुणे येथील कुटुंबांना जवळ असलेल्या रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांच्या आधारे हा विचार करून पाहता येईल.

प्रथम काळाचा प्रश्न. या भागात गर्दी उसळते ती पावसाळ्यात. धबधब्यांच्या ओढीने शनिवार-रविवारी लोंढे येतात, आणि अपघात टाळण्यासाठी प्रशासनाला अनेकदा धबधब्यांवर बंदी घालावी लागते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि झोपेतली माणसे वाडीसह गाडली गेली. ती घटना कोणी विसरलेले नाही. आपल्याकडे तर पावसाळा हा चातुर्मासाचा काळ. साधू-साध्वी एका ठिकाणी स्थिर राहतात आणि श्रावकही प्रवासाला मर्यादा घालतात. उन्हाळा म्हणावा, तर एप्रिल-मे महिन्यांत कर्जतचा पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. उरतो तो कार्तिकी पौर्णिमेनंतरचा काळ, आणि त्यातही पौष-माघातील आठवड्याचे मधले दिवस. नाताळाची गर्दी ओसरलेली असते, मार्चअखेरची हिशेबाची धांदल अजून लांब असते. ज्या पेठांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, त्या व्यापाऱ्यांना तर हा मोठाच लाभ आहे. इतरांच्या कामाच्या दिवशी निघावे. खोली कमी दरात मिळते आणि स्वयंपाकघरालाही आपले म्हणणे ऐकण्यास उसंत असते.

मात्र या दिवसांत दिवस लहान असतो. जानेवारीच्या आरंभी येथे सूर्यास्त सव्वासहाच्या आतच होतो. फेब्रुवारीच्या मध्यास सूर्योदय सातनंतर आणि सूर्यास्त साडेसहाच्या थोडा पुढे. नवकारशीची अठ्ठेचाळीस मिनिटे धरली तर सकाळचा आहार आठच्या सुमारास. संध्याकाळचे जेवण सहापर्यंत आटोपावे. म्हणजे फिरण्यास साडेआठ ते पाच एवढाच वेळ हाती राहतो. मुक्कामाची पहिली कसोटी यातूनच निघते : जेथून सकाळी निघून पाचपर्यंत निवांतपणे परत येता येईल, अशीच स्थळे त्या मुक्कामाची मानावीत.

या कसोटीवर तीन गावे पुढे येतात : नेरळ, कर्जत आणि खोपोली.

नेरळ हे माथेरानचा पायथा. १९०७ साली सुरू झालेली छोटी रेल्वे येथूनच डोंगर चढते. ज्यांना केवळ माथेरान पाहावयाचे आहे त्यांना नेरळ सोयीचे. पण इतर स्थळांसाठी रोज उलटा प्रवास करावा लागतो.

खोपोली हे बोरघाटाच्या पायथ्याचे कारखानदारीचे गाव. स्वतःचे वाहन असेल तर द्रुतगती मार्ग जवळ आहे. अष्टविनायकांतील महडचे वरदविनायक मंदिर याच तालुक्यात आहे आणि लोणावळा घाट चढताच येते. इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी खोपोली-पाली रस्त्याच्या बाजूस चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या मोठ्या फौजेला या अरुंद वाटेत कोंडून शरण आणले. तेथे स्मारक आहे, आणि माघात गेल्यास त्या दिवसाच्या आसपासच तेथे पोहोचता येते.

कर्जत हे उल्हास नदीकाठचे गाव आणि रेल्वेचे जंक्शन. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून शंभर किलोमीटरवर असलेल्या या स्थानकातून एक मार्ग घाट चढून पुण्याकडे जातो, तर दुसरा पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी छोटी स्थानके घेत पंधरा किलोमीटरवरील खोपोलीला. नेरळ लोकलने वीस-पंचवीस मिनिटांच्या आत येते. घाट चढण्यासाठी मागे जादा इंजिने जोडावी लागत म्हणून गाड्या येथे थांबत, आणि त्या थांब्यामुळेच कर्जतचा बटाटेवडा प्रसिद्ध झाला. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्या कुटुंबाने मात्र डब्यातील खाखऱ्यावर समाधान मानावे.

बिनहंगामी सहलीबद्दल एक शंका घेतली जाते : पाऊस सरला की पाहावयाचे काय, नद्या तर आटतात. या दोन तालुक्यांत ही शंका अर्धीच खरी आहे. टाटा कंपनीने घाटमाथ्यावर धरणे बांधून त्यांचे पाणी मोठ्या नळांतून कोकणात उतरविले. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये. वीजनिर्मितीनंतर सुटलेले हे पाणी खोपोलीस पाताळगंगेत आणि भिवपुरीकडे पेज नदीत येते. म्हणून शेजारचे ओढे कोरडे पडले तरी या दोन नद्या वाहत्या राहतात. वीजनिर्मितीप्रमाणे पाणी कमी-अधिक होते. काठावर बसावे, मुलांना पात्रात उतरू देऊ नये.

कर्जतजवळच राजमाचीच्या कुशीत कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या या चैत्यगृहात कण्हाचा शिष्य बलक याचा उल्लेख करणारा ब्राह्मी लेख आहे. पाऊस नसल्याने वाट कोरडी असते. पायथ्याच्या कोंडिवडे गावातून तासाभराची चढण आहे. ती तरुणांनी चढावी. ज्येष्ठांनी त्या दिवशी गावातच थांबावे, आणि येथेच मुक्काम गावाजवळ असण्याचे मोल कळते. दूरच्या फार्महाऊसवर थांबलेली आजी एकटी पडते. गावात थांबलेल्या आजीला दर्शनास जाता येते, बाजारात चक्कर मारता येते, सामायिक करून नदीकाठी बसता येते.

म्हणून तीन पिढ्यांचे कुटुंब रेल्वेने जाणार असेल तर कर्जत गावात किंवा स्थानकापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत मुक्काम करावा. पहिल्या दिवशी कोंडाणे किंवा पेज नदीचा काठ. दुसऱ्या दिवशी नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाका आणि पुढे अमन लॉजहून छोट्या गाडीने माथेरान, परतीस नेरळ साडेचारपूर्वी. तिसऱ्या दिवशी खोपोली शाखेची गाडी आणि तेथून वाहनाने उंबरखिंड. बिछाना तीनही रात्री एकच, स्वयंपाकीही एकच. पहिल्या दिवशी त्याला जे समजावून सांगितले, ते पुन्हा सांगावे लागत नाही. कुटुंब लहान असेल, स्वतःचे वाहन असेल आणि महड, पाली, लोणावळा हा बेत असेल, तर खोपोली अधिक सोयीची.

हाच हिशेब दूरदेशीही उपयोगी पडतो. हिवाळ्यात फ्रान्सला जाणारी कुटुंबे रोज नवे गाव गाठू पाहतात. पॅरिसमध्ये डिसेंबरात पाचच्या आतच सूर्य मावळतो आणि पर्यटकांवर चालणाऱ्या लहान गावांतील अनेक खानावळी त्या काळात बंद असतात. त्यापेक्षा लियोंसारखे रेल्वेचे मोठे शहर धरून स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे. पॅरिस, आविन्यों, दिजों, आनसी ही शहरे तेथून सुमारे दोन तासांच्या आत येतात आणि संध्याकाळचे जेवण आपल्या हाती राहते.

आगाऊ रक्कम पाठविण्यापूर्वी दूरध्वनीवर पाच प्रश्न विचारावेत : संध्याकाळचे जेवण साडेपाचला मिळेल काय? कांदा, लसूण, बटाटा वगळून आणि वेगळ्या भांड्यांत स्वयंपाक होईल काय? पाणी उकळून व गाळून मिळेल काय? देरासर किती अंतरावर आहे? तळमजल्यावर खोली आहे काय? आठम-चौदस त्या दिवसांत येत असेल तर हिरव्या भाजीऐवजी कडधान्याची सोय आधीच सांगून ठेवावी.

हे प्रश्न आजींच्या समोर बसून विचारावेत. उत्तरे त्यांच्या कानांवर पडली, की निघण्याच्या आदल्या रात्री त्यांचीही पिशवी भरलेली दिसेल.